मॅट गुंडाळल्यानंतरचे तास

गोव्यात योग शिकवायला यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. सर्टिफिकेट कुठलं चालतं, सीझनमध्ये पैसे किती सुटतात, खोली कुठे बघायची. उरलेला दिवस कसा घालवायचा, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी उत्तर गोव्यात, पेडण्यात आणि बार्देशात, इतके सीझन शिकवते आहे, त्यावरून सांगते, या कामात कोण टिकतं आणि कोण थोड्याच काळात दमून दुसरीकडे वळतं, हे त्या उरलेल्या तासांवर ठरतं.

आधी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं. मांद्रे, आश्वे, हरमल, आसगाव आणि दक्षिणेत पाळोळे, आगोंद इथल्या योगशाळांमध्ये परदेशी विद्यार्थी जास्त, म्हणून तिथे योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेची मान्यता असलेला 200 तासांचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विचारतात. शाळा, सरकारी कार्यालयं, स्थानिक बॅचेस इथे आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा उपयोगी पडते. जमलं तर दोन्ही करा. सीझन ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत. पाऊस जवळ आला की किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात आणि बांबूच्या योगशाळाही त्यांच्याबरोबर जातात. म्हणजे सहा महिन्यांच्या कमाईत बारा महिने काढायचे. पहिलं मानधन हातात पडलं की त्याच दिवशी बँकेत रिकरिंग डिपॉझिट उघडा.

आता दिवसाकडे येते. पहिला वर्ग सकाळी 7 वाजता, दुसरा 9 वाजता, मग थेट संध्याकाळी साडेचारला तिसरा. मधला वेळ मोकळा दिसतो, पण त्यात निरोपांना उत्तरं द्यायची, कुणाच्या तरी पाठीचा एक्सरे बघायचा, जागेच्या मालकाशी बोलायचं, असं करता करता तो संपून जातो. गोव्यात दुपारी 1 ते 4 बरीच दुकानं बंद असतात. या रिवाजाचा नव्या शिक्षकाने मनापासून फायदा घ्यावा. मी त्या वेळेत फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि झोपते. पहाटे साडेचारला उठणाऱ्या माणसाला दुपारची झोप औषधासारखी लागते, त्यात चैन काही नाही.

पहाटे उठायचं कारण म्हणजे स्वतःचा सराव. शिकवणं आणि साधना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे जितकं लवकर पटेल तितकं बरं. शिकवताना तुमचं लक्ष दुसऱ्याच्या गुडघ्यावर असतं. तुमचा श्वास त्यांच्या मोजणीवर चालतो. शिवाय वर्गात आसन दाखवताना आपण बहुधा एकच बाजू दाखवतो, आणि तीही थंड अंगाने. पाच मिनिटं बोलत उभं राहायचं आणि एकदम खोल पुढे वाकून दाखवायचं, हे रोज केलं की बसायच्या हाडाशी, मांडीचा मागचा स्नायू जिथे जोडला जातो तिथे, दुखणं धरतं. आमच्या क्षेत्रात हे फार आढळतं आणि बरं व्हायला महिने लागतात. म्हणून दाखवायचं कमी आणि सांगायचं नेमकं, अशी सवय पहिल्यापासून लावा. दाखवायचंच असेल तर आज उजवी, उद्या डावी. आवाजाचंही तसंच आहे. समुद्राच्या गाजेवर आवाज चढवू नका. विद्यार्थ्यांना अर्धवर्तुळात जवळ बसवा, घोट घोट कोमट पाणी घ्या, आणि शवासनात खरोखर गप्प राहा.

गप्प राहण्यावरून आठवलं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. अति खाणं, अति श्रम, अति बोलणं, नियमांचा हट्ट, माणसांची फार ऊठबस आणि मनाची चंचलता. विद्यार्थी म्हणून हे वाचलं की सोपं वाटतं. शिक्षक झाल्यावर कळतं की यातलं बोलणं, श्रम आणि माणसं हाच आपला पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणून वर्गाबाहेर या तिन्हींना जाणीवपूर्वक कात्री लावावी लागते.

खाण्याबद्दल माझं मत ठाम आहे. किनाऱ्यावरच्या कॅफेंत मिळणाऱ्या महागड्या सॅलड-स्मूदीच्या वाडग्यांवर नवा शिक्षक अर्धा पगार घालवतो. त्याची गरज नाही. सकाळचे वर्ग संपले की उकड्या तांदळाची पेज, बरोबर लोणचं आणि आळसांद्यांची सुकी भाजी. याने पोट भरतं, घामातून गेलेलं पाणी-मीठ परत येतं आणि संध्याकाळी अंग जड होत नाही. उन्हाळ्यात सोलकढी, थंडीत नाचणीचं तिझन. आसपासची कुठलीही आजी हे शिकवेल, आणि त्या निमित्ताने गावात तुमची ओळखही होईल.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मी सहसा चुकवत नाही. भाजी घ्यायची असते हे खरं, पण त्याहून जास्त मी माणसांचं बसणं बघायला जाते. मयड्याची केळी विकणारी एक साठीपुढची बाई आहे. ती उकिडवी बसते, टाचा पूर्ण जमिनीला, आणि त्याच बसण्यातून मागे वळून टोपलीतला घड उचलते, पुढे ठेवते, पैसे मोजते. हात कुठेही टेकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तिशीतल्या विद्यार्थ्याला एवढ्यासाठी टाचेखाली गुंडाळलेली चादर लागते. तिला बघून मी मालासन शिकवण्याची पद्धत बदलली. आता नुसतं बसवून ठेवत नाही, बसल्या बसल्या काहीतरी उचलायला, ठेवायला लावते. पाय तेव्हा आपसूक जागेवर येतात. शिकवण्याच्या कल्पना हव्या असतील तर इन्स्टाग्रामवरच्या आसनांपेक्षा असे बाजार, शेतं आणि किनाऱ्यावर मोठं जाळं ओढणारे रापणकार बघा.

पण मला सगळ्यात जास्त सावरलं ते पखवाजाने. गोव्यात गावोगावी भजनी मंडळं आहेत, श्रावणात सप्ताह असतात, वास्कोचा दामोदर सप्ताह तर प्रसिद्धच आहे. आमच्या वाड्यावर एक बुवा संध्याकाळी मुलांना पखवाज शिकवतात. मीही जाऊन बसायला लागले. बुवांच्या वर्गाच्या दारातून आत गेलं की मी कुणाची शिक्षिका नसते, ही पहिली मोठी सुटका. आधी कणीक मळायची, पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध थापायची, हाताने वाजवून बघायचं. नाद हवा तसा खोल आला नाही तर थोडी वाढवायची, बसका वाटला तर काढायची. यातच दहा मिनिटं जातात आणि बुवा अजिबात घाई करत नाहीत. मग हात बसवायचा. माझा अंगठा ताठ राहतो. बुवा त्यावर लांबलचक बोलत नाहीत. "सावकास, बाय," एवढंच म्हणतात आणि तोच बोल स्वतः पुन्हा वाजवतात.

नवखं असणं शरीराला कसं वाटतं, हे मला तिथे दर आठवड्याला ताजं कळतं. डाव्या-उजव्याचा गोंधळ, शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाचा हात सफाईने पडताना बघून येणारा संकोच, आणि कुणी फार सूचना दिल्या की होणारी गडबड. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच मॅटवर उभा राहिलेला माणूस दिसला की त्याला एका वेळी एकच सूचना द्यायची, हे मला आठवून बघावं लागत नाही. तुम्हाला पखवाजच हवा असं नाही. फुगडी शिका, पोहणं शिका, पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालयात मराठीचा मोठा विभाग आहे, तिथे बसून वाचा. फक्त ते असं काही असावं की ज्यात तुम्ही खालच्या पाटावर बसाल, आणि ज्याची रील तुम्ही बनवणार नाही.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. रिट्रीटला, म्हणजे काही दिवसांच्या निवासी योग शिबिराला, आलेली माणसं पुष्कळदा काहीतरी गमावून आलेली असतात. शवासनानंतर कुणी रडतं, कुणी थांबून सगळं सांगतं. ऐकून घ्या, पाणी द्या, जवळ बसा. पण आपण समुपदेशक नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या निरोपांना रात्रीच उत्तर देऊ नका, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांना प्रेमाने सांगा. माणूस खरंच खचलेला वाटला तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक द्या, बांबोळीला सरकारी मनोरुग्णालय आहे तेही सांगा. दुसऱ्याचं दुःख रोज घरी नेणारे किती चांगले शिक्षक मी हे काम सोडताना बघितले आहेत, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पावसाळा हा रिकामा काळ समजू नका. 21 जूनचा योग दिवस 2015 पासून होतो, त्याच्या आधी शाळा-कार्यालयांना 45 मिनिटांचा सामायिक योग अभ्यासक्रम शिकवणारी माणसं लागतात. ते काम मे महिन्यातच भेटून ठरवा. जुलैत स्थानिक बायकांची बॅच सुरू करा, फी कमी ठेवा, त्या वर्षभर येतात आणि सीझन मंद गेला तरी तुमचं भाडं निघतं. आणि वर्षातून एकदा तुमच्या स्वतःच्या शिक्षकाकडे जा. मी लोणावळ्याला कैवल्यधामात जाते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये सुरू केलेली ही संस्था आहे आणि श्वासाकडे तिथे ज्या बारकाईने बघतात ते मला मानवतं. थिवीहून रात्रीची गाडी धरून पनवेलला उतरायचं, पुढे बस मिळते. तिकीट लवकर काढा, आणि चतुर्थीच्या आसपासची तारीख घेऊ नका. त्या दिवसांत कोकण रेल्वेला जागा मिळत नाही, आणि वाड्यावरच्या आरत्यांना पखवाजावर बसायला माणूस हवा असतो.