४×४ क्यूब: सेंटर, एज आणि पॅरिटी

३×३ रुबिक क्यूब हातात बसला असेल, तर चतुर्थीच्या सुट्टीत ४×४ नक्की जमेल. २४ सेंटर तुकडे (बाजूच्या मध्यावरचे, एकरंगी) जुळवा, २४ एज तुकड्यांच्या (कडेचे, दोनरंगी) १२ जोड्या लावा, मग क्यूब ३×३ समजून सोडवा.

४×४ ला मधला पक्का तुकडा नसतो, म्हणून रंगांची जागा पाठ हवी. पांढरा वर आणि हिरवा पुढे धरला, की लाल उजवीकडे, केशरी डावीकडे, निळा मागे, पिवळा खाली. पांढरा आणि पिवळा आधी भरा, मग बाजूचे चार. इथे दोन रंगांची अदलाबदल झाली तर चूक कळते ती थेट शेवटी, कॉर्नर (कोपऱ्याचे तीनरंगी तुकडे) बसेनात तेव्हा. म्हणून चार सेंटर झाले की पांढरा-हिरवा-लाल कॉर्नर शोधून क्रम ताडून पाहा.

जोड्यांमध्ये शेवटच्या दोन एज अडवतात. त्या पुढे डाव्या-उजव्या उभ्या धरा. जुळणारे तुकडे एकाच उंचीवर हवेत. वरचे दोन थर उजवीकडे फिरवा. मग उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी खाली, पुढची घड्याळाच्या दिशेने, उजवी खाली, पुढची उलट, उजवी वर. शेवटी वरचे दोन थर डावीकडे परत. जुळणारे तुकडे तिरपे असतील तर आधी मधल्या सात चाली करून उजवी एज उलटवा.

पावसाळ्यात स्टिकरचा क्यूब घेऊ नका. आपल्या दमट हवेत आणि घामेजल्या हातांत कडा सुटतात. रंगीत प्लास्टिकचाच घ्या. थर अडकत असतील तर जोर लावू नका, आधी थर नीट सरळ करा. अर्धवट फिरलेल्या थरावर दाब दिला की तुकडे उडतात.

पॅरिटी, म्हणजे ३×३ वर कधीच न येणारी अडचणीची स्थिती, ही तुमची चूक नव्हे. आतल्या थराच्या पाव फेऱ्यांची संख्या विषम झाली की शेवटी एकच एज उलटी दिसते. सेंटरचे तुकडे एकाच रंगाचे असल्याने आधी काही कळत नाही. तिचं सूत्र (चालींचा ठरलेला क्रम) लांब आहे, सुरुवातीला समोर लिहून ठेवून करा.

दुसरी पॅरिटी सोपी: वरच्या थरात फक्त पुढची आणि मागची एज अदलाबदल झालेली. सगळ्या चाली अर्ध्या फेरीच्या. उजवीकडून दुसरा थर, वरचा थर, पुन्हा उजवीकडून दुसरा, वरचे दोन थर एकत्र, पुन्हा उजवीकडून दुसरा, आणि शेवटी फक्त वरून दुसरा थर. ५×५ ला पक्के सेंटर आणि मधल्या एज असतात, त्यामुळे तिथे ही दुसरी पॅरिटी येतच नाही.