गावच्या खेळाडूला पाठबळ कसे द्यावे : मराठवाड्यातील व्यावसायिकांसाठी

मार्गशीर्षात माळेगावची यात्रा भरली की तेथून थेट चैत्र-वैशाखापर्यंत मराठवाड्यात कोठे ना कोठे कुस्त्यांचा फड, कबड्डीचे सामने किंवा टेनिस बॉल क्रिकेटचा चषक सुरूच असतो, आणि या सगळ्या काळात पावती पुस्तक घेऊन येणाऱ्या मंडळींना बाजारपेठेतील दुकानदार ५०१ किंवा १,१०१ रुपये देत राहतो. ही रक्कम मनापासून दिलेली असते. परंतु तिने खेळाडूची गरज भागत नाही आणि दुकानाचे नावही कोणाच्या लक्षात राहत नाही. वर्षभराच्या पावत्या एकदा समोर मांडून त्यांची बेरीज करावी. एवढ्या पैशांत एखाद्या मुलाचा काही महिन्यांचा खुराक निघाला असता, असे बहुतेकांच्या ध्यानात येईल. तीच रक्कम विचारपूर्वक कशी खर्च करावी, हे येथे सांगितले आहे.

प्रथम खेळाचा आपल्या जगण्यावर किती पगडा आहे, हे पाहिले पाहिजे. मोंढ्यातला व्यापारी समोरच्याला चितपट करण्याची भाषा करतो, निवडणुकीत उमेदवार शड्डू ठोकतो, आणि ठरत आलेल्या सोयरिकीला कोणीतरी खो घालतो. घरातील नावांपर्यंत हा प्रभाव पोहोचलेला आहे. बीडच्या सचिन धसचे नाव त्याच्या वडिलांनी सचिन तेंडुलकरवरून ठेवले, आणि २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात याच मुलाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेण्यात मोठा वाटा उचलला. मात्र आपल्या भागात खेळाकडे पाहण्याचा आणखी एक दृष्टिकोन आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्यावर धावताना प्रत्येक तालुक्यात दिसतात. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात मुलाला तालमीत ठेवणे हा छंदाचा नव्हे, तर कुटुंबाच्या पुढील वीस वर्षांचा निर्णय असतो. त्यामुळे त्या मुलाला हात देणाऱ्याकडे आईवडील जाहिरातदार म्हणून पाहत नाहीत. ते त्याला आपला माणूस मानतात, आणि त्याने मध्येच हात काढून घेतला तर तेही विसरत नाहीत.

पहिले काम खेळ निवडण्याचे आहे, आणि ते दुकानात बसून होत नाही. किमान दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आपल्या गावच्या मैदानावर जावे, तेथे कोण येते, कोण थांबते आणि मुलांना घ्यायला घरातील कोण येते, हे पाहावे. कुस्तीच्या फडाला हलगीच्या आवाजावर जमणारा प्रेक्षक बहुधा शेतकरी आणि वयाने प्रौढ असतो. बी-बियाणे, अवजारे, ट्रॅक्टर, पशुखाद्य यांच्या विक्रेत्याला तो जवळचा आहे. शिवाय कुस्तीला येथे मोठी परंपरा आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव लातूरकडे आजही आदराने घेतले जाते, आणि बीड जिल्ह्यातील राहुल आवारे याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. क्रिकेटला तरुणांची गर्दी सर्वांत मोठी असते. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ च्या लिलावात चेन्नईच्या संघाने दीड कोटी रुपयांना घेतल्यापासून त्या गर्दीच्या डोळ्यांत एक नवे स्वप्नही आहे. परंतु तेथे फलकांचीही तेवढीच गर्दी असते आणि नवख्या प्रायोजकाचा पैसा त्यात हरवतो.

माझे स्पष्ट मत विचाराल तर छोट्या व्यावसायिकाने खो-खोपासून सुरुवात करावी. या खेळाला खर्च कमी लागतो, मुलींचा सहभाग मोठा आहे, आणि धाराशिवने या खेळात देशाला खेळाडू दिलेले आहेत. धाराशिवच्या सारिका काळे यांनी भारतीय संघाचे नेतृत्व केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे हिचे मूळ बीड जिल्ह्यातील. इतके असूनही तालुक्याच्या शाळेतील खो-खो संघाला बूट देणारा माणूस मिळत नाही. कापड, शालेय साहित्य, किराणा किंवा पतसंस्था यांपैकी कोणताही व्यवसाय असो, ज्या घरांशी आपला रोजचा व्यवहार आहे त्याच घरांतील मुली या संघात असतात.

खेळ ठरल्यावर स्पर्धेला पैसे द्यायचे की खेळाडूला, हा प्रश्न येतो. आमचे कृषी सेवा केंद्र आहे, आणि पहिल्या वर्षी आम्ही एका चषकाच्या दुसऱ्या पारितोषिकासाठी २१,००० रुपये दिले. आमचा फलक मंडपाच्या मागच्या बाजूला लागला, बक्षीस समारंभात नाव घ्यायचे राहून गेले, आणि ज्या संघाने ते पारितोषिक नेले त्यातील एकाही खेळाडूला ते कोणी दिले हे माहीत नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही शाळेच्या मुलींच्या संघाला बूट, गुडघ्याच्या पट्ट्या आणि जिल्हा स्पर्धेचा प्रवासखर्च दिला. रक्कम पहिल्यापेक्षा कमी होती. स्पर्धेहून परतल्यावर दोन मुलींचे वडील दुकानात आले, खत घ्यायला नव्हे, तर आपल्या मुलीचे छायाचित्र दाखवायला.

म्हणून हिशेब असा मांडावा. एखाद्या स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाला आपण ५१,००० रुपये देणार असू, तर तेच पैसे एका खेळाडूला दरमहा ४,००० याप्रमाणे वर्षभर दिले असता ४८,००० होतात आणि उरलेल्या ३,००० रुपयांत दुकानाचे नाव असलेले सरावाचे कपडे येतात. दरमहा रोख देण्यापेक्षा दूधवाला, किराणा दुकान आणि तालमीची फी यांची बिले आपण परस्पर भागवावीत. त्यामुळे पैसा खुराकालाच लागतो आणि घरातील अडचणीच्या वेळी मुलावर दडपण येत नाही. गरज कोणती, हे वस्तादांना किंवा क्रीडाशिक्षकांना विचारावे. पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात. धावपटूला दर काही महिन्यांनी नवे बूट आणि स्पर्धेला जाण्याचे भाडे लागते. दुखापतीनंतरचा उपचार मात्र सर्वांनाच लागतो आणि त्यासाठी कोणीच पैसे ठेवत नाही, म्हणून एकूण रकमेतील काही भाग प्रारंभीच त्यासाठी बाजूला काढावा.

वेळेचा विचार येथे फार महत्त्वाचा आहे. आपल्या बाजारात पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास, आणि पुढे कापसाबरोबर. उन्हाळ्यात मात्र दुकानाचा गल्ला रिकामा असतो. खेळाडूची भूक हंगाम पाहत नाही. बीड जिल्ह्यात तर याला आणखी एक बाजू आहे: अनेक खेळाडूंचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मूल आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहते, आणि नेमका स्पर्धांचा काळ सुरू असताना त्याच्या ताटातील दूध बंद होते. अशा मुलासाठी कार्तिक ते चैत्र हे महिने सर्वांत कठीण असतात. पूर्ण वर्षाची जबाबदारी झेपत नसेल तर निदान हे सहा महिने घ्यावेत. त्यासाठीची रक्कम दिवाळीतच वेगळ्या खात्यात ठेवावी, म्हणजे उधारी अडकली तरी मुलाचा खुराक अडकणार नाही.

यानंतर लेखी करार करावा. आपल्याकडे शब्दावर व्यवहार करण्याची रीत आहे आणि ती चांगलीच आहे, परंतु लेखी कागद खेळाडूचे रक्षण करतो. साध्या मराठीत एक पानाचा मजकूर पुरे: मुदत किती, दरमहा काय द्यायचे, त्याबदल्यात खेळाडूने काय करायचे, आणि छायाचित्र कोठे व किती काळ वापरायचे. खेळाडू १८ वर्षांखालील असेल तर पालकांची सही घ्यावी. दुखापत झाल्यास मदत थांबणार नाही, हे वाक्य त्यात अवश्य लिहावे. मी तर म्हणेन की ते वाक्य नसेल तर करार करूच नये. खेळाडूकडून अपेक्षा माफक ठेवाव्यात. सरावाच्या कपड्यांवर नाव आणि वर्षातून दोनदा दुकानाच्या कार्यक्रमाला हजेरी एवढे पुरे, कारण त्याहून अधिक वेळ मागितला तर आपण त्याच्या सरावातूनच तो काढून घेतो. अधिकृत स्पर्धांत जर्सीवर कोणाचे नाव असावे हे संबंधित संघटना ठरवते, म्हणून ते आधी विचारून घ्यावे. खेळाडू सैन्यात, पोलिसांत किंवा रेल्वेत नोकरीला लागला तर त्याला सेवानियम लागू होतात आणि परवानगीशिवाय जाहिरात करता येत नाही; त्या दिवशी करार आनंदाने संपवावा.

परवानगीचा विषय थोडा अधिक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण गावोगाव लागणाऱ्या अभिनंदनाच्या फलकांत सर्वांत जास्त चुका येथेच होतात. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकल्यावर अनेक कंपन्यांनी तिचे छायाचित्र आणि आपले बोधचिन्ह एकत्र छापून अभिनंदन केले, तेव्हा तिचे काम पाहणाऱ्या संस्थेने त्यांच्याविरुद्ध कायदेशीर पावले उचलली. यशस्वी खेळाडूचे नाव आणि चेहरा हीच त्याची कमाई असते. ज्याच्याशी आपला करार नाही त्याचे अभिनंदन करायचे असेल तर ते दुकानाच्या नावाशिवाय, गावकरी म्हणून करावे. ऑलिम्पिकची पाच वर्तुळेही फलकावर छापू नयेत. ती आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या मालकीची आहेत.

जाहिरातीतील मजकूर खरा असावा. आमच्या दुकानातील पावडरीमुळे हा मुलगा जिंकला, असे लिहिणे ही ग्राहकाची आणि त्या मुलाचीही फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकालाच नव्हे, तर ती करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ताकद वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्या विकणाऱ्यांनी तर खेळाडूला आपला माल फुकट देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यात बंदी असलेला घटक निघाला तर खेळाडूने तो अजाणता घेतला असला तरी शिक्षा त्यालाच भोगावी लागते. तंबाखूजन्य पदार्थांच्या प्रचारासाठी खेळाला प्रायोजकत्व देणे २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने बंदी आणली, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरील ड्रीम इलेव्हन हे नावही त्यामुळेच गेले. गावच्या स्पर्धेत अशा एखाद्या व्यवसायाशेजारी आपले नाव छापले जाणार असेल, तर आपले नाव काढून घ्यावे.

हिशेब स्वच्छ ठेवावा. रक्कम धनादेशाने किंवा खात्यावरून द्यावी, बिले दुकानाच्या नावाने घ्यावीत, आणि हा जाहिरातीचा खर्च आहे की देणगी, हे कर सल्लागाराला आधीच विचारून ठरवावे, कारण दोन्हींना कराचे नियम निराळे आहेत. वाळूज किंवा जालन्याच्या मोठ्या उद्योगांकडे मदत मागणाऱ्या तालमींनी आणि क्रीडा मंडळांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा निधी ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणासाठी वापरता येतो, पण मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही. म्हणून अर्जात फलकाची जागा विकू नये. किती मुले सराव करतात, मार्गदर्शक कोण, मॅट आहे की नाही, एवढे नेमकेपणाने लिहावे.

या सर्वांचा व्यवसायाला उपयोग झाला की नाही, हे पाहायला एक वही पुरते. नवा ग्राहक आला की तो कोणाच्या सांगण्यावरून आला, एवढे विचारून लिहून ठेवावे आणि निदान दोन हंगाम तरी निष्कर्ष काढू नये. वस्तादाच्या शब्दावर आलेला ग्राहक संख्येने थोडा असतो, परंतु तो उधारी बुडवत नाही, असा आमचा अनुभव आहे.

खेळाडू हरला तर काय करायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला आणि अवघ्या ०.०५ सेकंदाने त्याचे सुवर्ण हुकले. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ते मिळवले. आपला मुलगा जिल्हा पातळीवर पहिल्याच फेरीत बाद होऊन परतेल, त्या दिवशी स्वतः बसस्थानकावर जावे, त्या महिन्याचे दुधाचे बिल नेहमीच्या तारखेला भरावे, आणि करार संपत आला असेल तर पुढच्या वर्षाच्या कागदावर त्याच आठवड्यात सही करावी.