जर्मनीत सायकल घेऊन ट्रेनने फिरताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने, सव्वातीनशे किमीच्या आसपास. रस्ता जवळजवळ सपाट, खंबाटकी-बिंबाटकी काही नाही, त्यामुळे पहिल्या परदेशी राइडला मस्त. आम्ही चौघं पुण्याहून गेलो तेव्हा सायकल चालवताना कोणालाच घाम फुटला नाही, फुटला तो ट्रेनमध्ये.

मूळ घोळ असा की आपल्या डोक्यात आपली रेल्वे असते. पार्सल ऑफिसला जायचं, पावती फाडायची, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये जाते, हमाल चढवतो, आपण आपल्या बर्थवर. तिकडे सायकल म्हणजे तुमच्याबरोबरचा अजून एक प्रवासी, तिचं तिकीट वेगळं, लांबच्या गाडीत जागाही वेगळी, आणि हमाल तुम्हीच.

पहिली चूक आम्ही घरीच केली. महिन्याचं डॉइचलांड-तिकीट (लोकल आणि रिजनल गाड्यांचा पास) काढलं आणि वाटलं झालं काम, पण त्यात सायकल येत नाही. रिजनल, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या गाड्यांना सायकलचं तिकीट साधारण वेगळं काढावं लागतं (काही भागांत फुकट आहे, बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक-पासाऊच्या राज्यात, नाही). आयसी किंवा आयसीई या लांबच्या जलद गाड्यांना तिकिटाबरोबर रिझर्वेशनही हवंच, आणि प्रत्येक आयसीईत सायकलला जागा असते असंही नाही. आयसीई ४ मध्ये अख्ख्या गाडीत जागा ८, म्हणजे आमच्यासारखे दोन ग्रुप आले की संपलं. उन्हाळ्यात जाणार असाल तर आधी सायकलची जागा मिळतेय का ते बघा आणि मगच स्वस्तातलं (एकाच गाडीला बांधलेलं) तिकीट घ्या, उलटं केलंत तर फसाल. फोल्डिंग सायकल मात्र घडी घातली की सामान, फुकट.

जर्मन रेल्वेच्या ॲपमध्ये गाडी शोधताना सायकल बरोबर आहे हा पर्याय टिक करा, आणि गाडी बदलायला लागणारा वेळ स्वतः वाढवून टाका. ॲप बिनधास्त ७ मिनिटांचं कनेक्शन दाखवतं. आता विचार करा, लिफ्ट एक, तिच्यात सायकल मावते एक, फार तर दोन, आम्ही चार, पुढे आधीच दोन बाबागाड्या, आणि एका स्टेशनवर तर लिफ्टच बंद होती, मग बॅगा काढ, जिन्याने सायकल उतरव, परत वर ये, बॅगा ने... गाडी गेली. निदान २५-३० मिनिटं ठेवा. ई-बाइक असेल तर अजून जास्त, २५ किलोचं धूड जिन्याने चढवून बघा एकदा.

बरं, उशीर तुमच्यामुळेच होईल असंही नाही. जर्मन म्हणजे घड्याळाचे काटे हे आपण लहानपणापासून ऐकलंय ना, २०२४ मध्ये डॉइच बानच्या (जर्मन रेल्वे) लांबच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या फक्त ६२.५ टक्के. गाडी त्यांच्यामुळे चुकली तर तुमचं स्वस्त तिकीट पुढच्या गाडीला चालतं, पण सायकलचं रिझर्वेशन आपोआप पुढच्या गाडीवर जात नाही! तिथे जागा नसेल तर टीसी नाही म्हणू शकतो. म्हणून दिवसातली शेवटची गाडी धरू नका, आणि रिजनल गाड्यांनी कसं पोचता येईल ते आधीच शोधून ठेवा.

प्लॅटफॉर्मवर मधोमध उभं राहून वाट बघणं ही अजून एक चूक. प्लॅटफॉर्मला ए, बी, सी असे भाग असतात, डबा कुठल्या भागात येणार ते बोर्डवर दिसतं, तिथे जाऊन उभे राहा. तरी कधीकधी घोषणा होते की डबे उलट्या क्रमाने लागलेत, मग सगळे पळतात, हसू नका, पळा. गाडी यायच्या आधी पॅनिअर (सायकलला अडकवलेल्या) बॅगा काढून हातात घ्या, कारण सायकल आडवी घालून दारात बॅगा सोडवत बसलात की मागे जी शांतता पसरते ना, ती शिव्यांपेक्षा वाईट. सायकलच्या डब्यावर चित्र असतं. तिथे व्हीलचेअर आली तर तिचा हक्क आधी, तुम्ही सरकायचं.

म्युनिकच्या एस-बानमध्ये (तिथली लोकल) सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ सायकल चालत नाही, संध्याकाळीही ४ ते ६ सहसा बंदी. बायर्न-तिकीटही (त्या राज्यातलं एका दिवसाचं तिकीट) कामाच्या दिवशी ९ नंतरच चालू होतं, म्हणजे नाश्ता निवांत करा. शनिवारी सकाळी मात्र आख्खं शहर सायकली घेऊन निघालेलं असतं, रिजनल गाडीत जो आधी येईल त्याची जागा, शक्यतो मंगळवार-बुधवार बघा.

परतीचा विचार आम्ही व्हिएन्नात पोचल्यावर केला, हा खरा मूर्खपणा. रेलजेटला (ऑस्ट्रियाची जलद गाडी) सायकलचं रिझर्वेशन लागतं, आणि आम्हाला हव्या त्या दिवशी चार जागा कुठल्याच गाडीत नव्हत्या, शेवटी दोघं आज आणि दोघं उद्या असे निघालो. पुढच्या वेळी सायकली पासाऊलाच भाड्याने घेणार आणि व्हिएन्नात सोडणार. तसं देणारे आहेत, फक्त बुक करतानाच सांगावं लागतं आणि परत नेण्याचे पैसे वेगळे पडतात.