खेळातून सेवाकार्य: गावात मुलांचे बेसबॉल सुरू करताना या चुका टाळा

एखाद्या ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) ग्रामीण भागातील सेवाकार्यासाठी मुलांच्या बेसबॉलची निवड केली, की पहिला आठवडा उत्साहात जातो. नवा खेळ पाहून मुले धावत येतात, पालक मैदानाच्या कडेला उभे राहून कौतुकाने पाहतात आणि सर्वांनाच काम मार्गी लागल्यासारखे वाटते. अडचणी सुरू होतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि त्यांचे मूळ बहुधा पहिल्याच आठवड्यात घेतलेल्या निर्णयांत सापडते. या कामात मी काही वर्षे घालवली आहेत आणि पुढे लिहिलेल्या बऱ्याच चुका माझ्या हातून झाल्या आहेत.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे खेळाला श्रद्धेची अट जोडणे. "आधी शास्त्रपाठाला (बायबलच्या वाचनाला) बसा, मग ग्लोव्ह (चेंडू झेलण्याचा हातमोजा) मिळेल" असे सांगितले, की मुले बसतात, विचारलेल्या प्रश्नांची अपेक्षित उत्तरेही देतात. पण ती उत्तरे ग्लोव्हसाठी दिलेली असतात. वेगळी श्रद्धा असलेल्या पालकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि एकदा गेलेला विश्वास कितीही साहित्य वाटून परत मिळत नाही. म्हणून आपण कोण आहोत, कोणत्या मंडळीकडून आलो आहोत आणि प्रार्थना केव्हा होणार आहे, हे पहिल्याच दिवशी पालकांसमोर उघडपणे सांगावे. प्रार्थनेची वेळ खेळापासून वेगळी ठेवावी, तिथे येणे सर्वस्वी ऐच्छिक असावे आणि न येणाऱ्या मुलाची फलंदाजीची पाळी एका क्रमांकानेही मागे जाऊ नये. सुवार्तेची साक्ष देणाऱ्याने मुलांना न्यायाने वागवले नाही, तर त्याच्या शब्दांना गावात वजन राहत नाही.

दुसरी चूक साहित्याची, आणि ती वरवर किरकोळ वाटते. देणगीत आलेली पेटी उघडली, की त्यात बहुतेक ग्लोव्ह प्रौढांच्या मापाचे, साधारण १२ इंचांचे, आणि उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी बनवलेले निघतात. आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी होती. ती चेंडू व्यवस्थित अडवायची, पण मग थांबून ग्लोव्ह काढायची, तो काखेत धरायची आणि त्यानंतर चेंडू फेकायची. तोपर्यंत धावणारा पुढच्या बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या पुढच्या टप्प्यावर, पोहोचलेला असायचा. दोन आठवडे मी तिला "लवकर फेक" एवढेच सांगत राहिलो. ती डावखुरी होती आणि आम्ही दिलेला ग्लोव्ह तिच्या फेकण्याच्याच हातात बसत होता, हे माझ्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला. तेव्हापासून ग्लोव्ह वाटण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एकदा चेंडू फेकायला लावायचा आणि ज्या हाताने तो फेकेल, त्याच्या विरुद्ध हाताचा ग्लोव्ह द्यायचा, असा नियम आम्ही केला. दहा वर्षांखालील मुलांना १० ते ११ इंचांचा ग्लोव्ह पुरतो. भिजलेला ग्लोव्ह कडक उन्हात वाळवू नये, कारण चामडे ताठ होऊन भेगाळते. तो सावलीत वाळवून त्याला अगदी थोडे तेल लावावे.

साहित्यच अपुरे असेल, तर खेळ अडवून धरू नये. जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघाने पुढे आणलेला 'बेसबॉल फाइव्ह' हा प्रकार बॅट आणि ग्लोव्हशिवाय, रबरी चेंडू हाताने मारून खेळला जातो. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि पाच इनिंग असतात, आणि त्यात मुले-मुली एकत्र खेळतात. नव्या गावात मी आता सुरुवात यानेच करतो. कातडी चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा आणि चांगलाच टणक असतो, त्यामुळे तो पहिल्या महिन्यात बाहेर काढण्याची घाई करू नये. तो काढल्यावर मात्र फलंदाजाच्या आणि धावणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असलेच पाहिजे, यात तडजोड नाही.

सामने कंटाळवाणे होत असतील, तर दोष मुलांत न शोधता आधी मैदान मोजावे. मोठ्यांच्या मैदानावर दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ६० फूट आणि पिचरसाठी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासाठी, होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो त्या जागेपासून) ४६ फूट हे माप आहे. मोठ्या मैदानावर लहान मुलांची फेक तिसऱ्या बेसवरून पहिल्यापर्यंत पोहोचतच नाही, प्रत्येक फटक्यावर धाव निघते आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्यांचा उत्साह मावळतो. मापासाठी दोरी पुरेशी आहे. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत ८४ फूट १० इंचांची दोरी ताणावी, तिच्या दोन्ही टोकांना ६० फुटांची एकेक दोरी बांधावी आणि त्या दोन दोऱ्यांची मोकळी टोके उजवीकडे ताणून जिथे जुळतील तिथे पहिला आणि डावीकडे जुळतील तिथे तिसरा बेस ठेवावा. फलंदाजाचे तोंड पूर्व-ईशान्येला राहील, अशी आखणी केली, तर दुपारनंतरचे ऊन त्याच्या डोळ्यांवर येत नाही. अर्थात, आखणीपूर्वी त्या जागेवर कोणाचा हक्क आहे आणि वर्षातल्या कोणत्या काळात ती गावाला दुसऱ्या कामासाठी लागते, हे विचारून घ्यावे.

संघ जिंकू लागला, की एक वेगळाच धोका निर्माण होतो. ज्या मुलाचा हात चांगला चालतो, त्यालाच रोज पिचिंगला उभे केले जाते. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमांनुसार एका दिवसात ७-८ वर्षांच्या मुलाने ५०, ९-१० वर्षांच्याने ७५ आणि ११-१२ वर्षांच्याने ८५ चेंडूंपेक्षा अधिक टाकायचे नसतात, आणि ६६ किंवा अधिक चेंडू टाकणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्यानंतर चार दिवस विश्रांती द्यावी लागते. वाढत्या वयात कोपराच्या हाडांची टोके पूर्ण घट्ट झालेली नसतात, म्हणून ही मर्यादा आहे. मुलगा कोपर चोळू लागला किंवा त्याचा हात खाली येऊ लागला, तर मालिश करून त्याला परत पाठवू नये. त्या दिवसाचा त्याचा खेळ तिथेच थांबवावा.

मुले येईनाशी झाली, तर त्यांना उपदेश करण्यापूर्वी त्यांच्या घरी जाऊन यावे. बऱ्याचदा शेतीच्या हंगामात मुलांना घरी काम असते, किंवा सरावाची वेळ पाणी भरण्याच्या वेळेवर येते. मुली गळू लागल्या असतील, तर त्यांच्या आयांशी बोलावे. परतताना अंधार होतो किंवा मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही, अशी साधी आणि सोडवता येण्यासारखी कारणे पुढे येतात. कोणताही प्रौढ एकटा एका मुलासोबत राहणार नाही, दोन जबाबदार माणसे नेहमी हजर असतील, हा नियम पाळकांसह (मंडळीच्या धर्मगुरूंसह) सर्वांना लागू असावा आणि पालकांना तो माहीत असावा.

उत्थानाच्या नावाखाली व्यावसायिक खेळाडू होण्याची स्वप्ने दाखवणे मला अयोग्य वाटते. त्याऐवजी धावफलकाची वही मुलांच्या हाती द्यावी. आठ वेळा फलंदाजी करून तीन हिट मिळाले, म्हणजे तीनदा स्वतःच्या फटक्यावर बेस गाठता आला, तर सरासरी .३७५ येते, हा भागाकार शाळेत गणिताला घाबरणारा मुलगाही स्वतःची सरासरी काढताना न चुकता करतो.

राहिली ती निघून जाण्याची चूक. बायबलमधील दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत सापडलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नुसते नेऊन सोडले नाही. त्याने त्याच्या देखभालीसाठी दोन दीनार दिले आणि परत येईन, असे सांगितले. १९०५ च्या सुमारास वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती युवक संघटनेचे फिलिप जिलेट यांनी कोरियातील तरुणांना बेसबॉल शिकवले, पुढे तिथल्या लोकांनी तो खेळ आपलासा केला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाने त्याचे सुवर्णपदक मिळवले. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच गावातील दोन-तीन तरुण-तरुणींना प्रशिक्षक म्हणून सोबत घ्यावे, पेटीची किल्ली त्यांच्याकडे द्यावी आणि तिसऱ्या महिन्यापासून पाहुण्यांनी कडेला बसावे. सहा महिन्यांनी एक महिना गावात जाऊ नये. परत गेल्यावर आधी दोरी आणि वही पाहावी. दोरीच्या सुटलेल्या गाठी कोणीतरी बांधल्या असतील आणि आपल्या गैरहजेरीतल्या सामन्यांची नोंद वहीत असेल, तर शेजारच्या गावात बोलणी सुरू करायला हरकत नाही. पाने कोरी असतील, तर त्याच प्रशिक्षकांसोबत बसून सरावाची वेळ, जागा आणि जबाबदाऱ्या पुन्हा ठरवाव्यात.