पीएस टू वरचं 'हिअर कम्स द पेन' : नुसती बटणं बडवू नका

गणपतीला चाकरमानी आले की आमच्या पडवीत अजूनही जुना डबा टीव्ही बाहेर निघतो आणि त्याला पीएस टू, म्हणजे सोनीचा जुना प्लेस्टेशन, जोडला जातो, डिस्क कित्येक वर्षं एकच, डब्ल्यूडब्ल्यूई च्या कुस्तीचा गेम, स्मॅकडाऊन हिअर कम्स द पेन. २००३ चा गेम, यूक्स या जपानी कंपनीने बनवलेला, टीएचक्यू ने काढलेला, आणि आला फक्त पीएस टू वर. त्यानंतर रेसलिंगचे ढीगभर गेम आले पण याची सर कशालाच नाही असं माझं ठाम मत आहे. यंदा भाचा पहिल्यांदा खेळला, दोन्ही अंगठ्यांनी सगळी बटणं एकदम बडवत होता आणि दर मॅचला मार खात होता, शेवटी रडायलाच लागला बिचारा. मग त्याला शेजारी बसवून जे शिकवलं तेच इथे लिहितोय.

आधी मशीनचं. आपल्याकडे माळ्यावर चार महिने पडलेला पीएस टू काढून लगेच चालू करायचा नाही, पावसाळ्यात घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं तर त्याच्या आतल्या लेन्सचं काय होत असेल बघा. दोन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवा, मग लावा. पिवळी, पांढरी, लाल पिन खाऱ्या हवेने हिरवट पडलेली असते ती कोरड्या फडक्याने घासून घ्या, टीव्हीला ऑडिओचं एकच भोक असेल तर पिवळी आणि पांढरी पुरे. डिस्क वाचत नसेल तर लेन्सवरून कापसाचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवायचा, जोर लावायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेम सेव्ह होताना लाईट गेली की मेमरी कार्ड गेलंच समजा. माझा अख्खा सीझन असा गेलाय, तेव्हापासून बाहेर वारा सुटला की मी आधी सेव्ह करतो आणि मग खेळतो. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरच लावा.

आता बटणं. क्रॉस म्हणजे मारणं, गोल म्हणजे पकडणं, त्रिकोण म्हणजे पळणं, चौकोनाने रिंगच्या आतबाहेर करायचं आणि खुर्चीबिर्ची उचलायची. एल वन ला फिनिशर, म्हणजे त्या रेसलरचा मॅच संपवणारा डाव. एल टू आणि आर टू ही रिव्हर्सलची, म्हणजे समोरच्याचा डाव उलटवायची बटणं, समोरच्याने पकडलं तर एल टू, ठोसा लाथ मारली तर आर टू. समोरचा आडवा पडला की जवळ जाऊन खाली आणि गोल, की पिन, म्हणजे खांदे टेकवून तीन मोजणं. एवढं पाठ करायला दोन मॅच लागतात, त्या दोन मॅच हरलात तरी चालेल.

पकडीत खरी मजा आहे. गोल दाबताना सोबत दिशा दाबली की वेगवेगळी पकड लागते, चार प्रकार आहेत, ताकदीची, चपळाईची, सबमिशनची (अंग पिळून हार मानायला लावणारी) आणि त्या रेसलरची स्वतःची खास. पकड लागली की पुन्हा दिशा आणि गोल, मग मूव्ह पडतो. म्हणजे एकेका रेसलरकडे समोरूनच कितीतरी मूव्ह असतात आणि बडवणाऱ्या पोराला त्यातले दोनच दिसतात. म्हणून पहिल्या दिवशी एकच रेसलर घ्या आणि सगळ्या दिशा एकेक करून दाबून बघा. मी शिकताना कर्ट अँगल घेतला होता, आजही नवीन माणसाला तोच देतो.

अँगलच का, तर त्याच्यामुळे अंगाचं चित्र कळतं. स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावाजवळ छोटा माणूस दिसतो, त्याचं डोकं, धड, हात, पाय वेगवेगळे, आणि मार बसेल तसा तो भाग पिवळा होतो, मग नारिंगी, मग लाल. अँगलचा अँकल लॉक, म्हणजे घोटा पिळायची पकड, पायाला लागतो, तेव्हा आधीपासून पायच धरायचा, पायावरचेच मूव्ह टाकायचे, पाय लाल झाला की अँकल लॉक लावायचा आणि मग बटणं बडवायची, तिथे बडवायचीच आहेत. आधी दोन मूव्ह डोक्यावर, एक हातावर, एक पाठीवर असं केलंत तर सगळं पिवळं राहतं आणि समोरचा सुटून उभा राहतो. भाच्याचं नेमकं हेच चुकत होतं.

रिव्हर्सलबद्दल लोक म्हणतात नशीब लागतं, अजिबात नाही. कबड्डीत रेडर हात लावायला वाकला की कोपऱ्यातला माणूस ज्या क्षणी झेपावतो तोच क्षण इथे असतो, आधी झेपावलात तर तो मागे सरतो, उशीर केलात तर पॉइंट गेला. एल टू धरून ठेवून काही होत नाही, एकदाच टिचकी मारल्यासारखं दाबायचं, आणि नजर आपल्या माणसावर नाही तर समोरच्याच्या हातावर. आधी फक्त एल टू चा सराव करा, समोरून पकडच करायची असं भावाला सांगून दहा मिनिटं नुसती तीच मॅच खेळा, नंतर आर टू. दोन्ही एकदम शिकायला गेलात की बोटं गोंधळतात आणि मग कोणी कुठलंही दाबतो.

वजनाचं पण लक्षात ठेवा. रे मिस्टीरिओ घेऊन बिग शो ला उचलायला गेलात तर उचलणार नाही, गेममध्येच तसं ठेवलंय आणि मला ते फार आवडतं. बारक्याने पळायचं, दोरीवर चढायचं, पाय पाडायचे. लहानपणी ट्रम्प कार्डवर वजन आणि उंची बघून आम्ही भांडायचो, कोण कोणाला उचलेल म्हणून, त्याचं उत्तर मला या गेममध्ये मिळालं.

फिनिशरची घाई नको. स्क्रीनवरचा फिनिशरचा मीटर भरला की फिनिशर खाली साठतो, एल वन ने वापरता येतो, पण समोरचा ताजातवाना असताना ब्रॉक लेसनरचा एफ फाइव्ह टाकून काय उपयोग, तो दोन वर खांदा उचलतो आणि तुमचा मीटर फुकट. शिवाय फिनिशर कुठून लागतो ते बघा, कोणाचा समोरून, कोणाचा मागून, कोणाचा समोरचा पडलेला असताना. चुकीच्या जागी उभं राहून एल वन कितीही दाबा, काही होणार नाही.

दोघं खेळत असाल तर माझी एक कळकळीची विनंती, समोरच्याला एका मिनिटात संपवू नका. आमच्या सिंधुदुर्गात दशावतार बघितला असेल तर माहीतच आहे, लिहिलेली संहिता नसते, राक्षस मरणार हे पोरासोरांनाही ठाऊक, तरी पेटीच्या आणि मृदंगाच्या तालावर युद्ध असं रंगवतात की पहाटेपर्यंत कोणी उठत नाही. मॅच तशी खेळा. आधी साध्या पकडी, मग एकाने वरचढ व्हायचं, मग दुसऱ्याने रिव्हर्सल करून उलटवायचं, रिंगबाहेर जा, टेबल मोडा, परत आत या. माझ्या आतेभावाची आणि माझी अंडरटेकर विरुद्ध ब्रॉक अशी मॅच एकदा इतकी लांबली की काकी आरतीला हाका मारून दमली, शेवटी आजोबाच समोर येऊन बसले, आणि त्यांना आरती आठवली ती अंडरटेकरचा फिनिशर, लास्ट राईड, पडल्यावर.

एलिमिनेशन चेंबर, म्हणजे सहा जणांची पिंजऱ्यातली मॅच, याच गेममध्ये पहिल्यांदा आला, पण तो शिकल्याशिवाय लावू नका, स्क्रीनवर कोण कुठे तेच कळत नाही. आर वन ने समोरचा माणूस बदलतो हे तिथे कामाला येतं. दोनपेक्षा जास्त माणसं खेळणार असतील तर मल्टिटॅप, म्हणजे जास्त रिमोट जोडायचा डबा, लागतो, पीएस टू ला रिमोटची भोकं दोनच.

सीझन मोड एकट्याने खेळा, रात्री सगळे झोपल्यावर. जिंकाल तसे पैसे मिळतात, ते शॉपझोनमध्ये घालून जुने दिग्गज उघडायचे, रॉडी पायपर, आयर्न शेख, मिलियन डॉलर मॅन. मी पहिल्यांदा पायपर उघडला. खेळून झालं की सेव्ह करा, सेव्ह झाल्याची ओळ दिसेपर्यंत बटणाला हात लावू नका, मग मशीन गार होऊ द्या आणि सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो.