जुन्या महागड्या घड्याळाच्या क्लास्पमध्ये किती जीव उरलाय, हे कसं तपासायचं आणि ते कसं टिकवायचं

जुनं रोलेक्स किंवा ओमेगा पहिल्यांदा हातात घेतलं की बहुतेकांना हाच प्रश्न पडतो, की घड्याळ एवढं महाग आणि क्लास्प, म्हणजे पट्टा मनगटावर बंद करणारं लॉक, असं पत्र्यासारखं का वाटतंय, हलवलं की खुळखुळतंय. तर ते पत्र्याचंच आहे. तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्या स्टीलचा पातळ पत्रा डायमध्ये दाबून, त्याला घड्या घालूनच क्लास्प बनवायच्या, आत्ताची जाडजूड, अख्ख्या स्टीलमधून कोरून काढलेली क्लास्प त्यामानाने अलीकडची. रोलेक्सचं ग्लाइडलॉक, म्हणजे लांबी सहज कमीजास्त करता येणारं जाड क्लास्प, २००८ ला त्यांच्या डीपसी या डायव्हिंगच्या घड्याळावर आलं, त्याआधी त्यांच्याच सबमरिनर या डायव्हिंगच्या घड्याळाला कितीतरी वर्षं ९३१५० नंबरचं ब्रेसलेट (धातूच्या कड्यांचा पट्टा) आणि पत्र्याचं फ्लिपलॉक क्लास्प असायचं, आणि तेच घालून लोक समुद्रात डाइव्ह करत होते. त्यातली बरीच क्लास्प आजही नीट बंद होतात.

म्हणून आवाजावरून क्लास्पला नावं ठेवू नका, आणि आवाज येत नाही म्हणून त्याच्यावर विसंबूनही राहू नका. खुळखुळ बहुतेक वेळा पातळ पत्रा आणि पोकळ कड्या यांची असते, पकडीशी तिचा फारसा संबंध नसतो. क्लास्प दगा देतं ते चार जागी: खटका, बिजागरीची पिन, स्प्रिंग बार (पट्टा जागेवर धरणारी, आत स्प्रिंग असलेली बारीक दांडी) आणि स्प्रिंग बारची भोकं. या चार जागा बघता आल्या की झालं.

आधी तुमचं क्लास्प कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा, कारण प्रत्येकाचं झिजणं वेगळं असतं. सगळ्यात जास्त सापडतं ते साधं घडीचं क्लास्प, त्यात पट्ट्यांची घडी होते आणि वरचं झाकण दाबलं की आतल्या छोट्या खटक्यावर घट्ट बसतं. इथे सगळी पकड त्या खटक्याच्या कडेवर आणि पट्टीच्या ताणावर असते, ती कड रोजच्या उघडझापीने गोल होत जाते. फ्लिपलॉक म्हणजे हेच, फक्त वरून आणखी एक छोटी सेफ्टी पट्टी दुमडून बसते. ९० च्या दशकात बाजूला दोन बटणं असलेली क्लास्प बऱ्याच घड्याळांवर दिसायला लागली, त्यात आत बारीक स्प्रिंगा असतात आणि त्यांचा शत्रू म्हणजे घाम आणि मळ, बटण अर्धवट आत अडकून राहतं आणि लॉक पूर्ण बसतच नाही. मग बटरफ्लाय, म्हणजे दोन्हीकडे उघडणारं, दिसायला फार सुंदर कारण बंद झाल्यावर जवळपास दिसतच नाही, पण त्यात बिजागऱ्या जास्त आणि पिना नाजूक, आणि एका पंखाची पकड गेली तरी दुसरा धरून ठेवतो त्यामुळे कळायला उशीर होतो. सोन्याच्या जाळीदार बेल्टवर दागिन्यासारखं डबीचं लॉक असतं, त्यात दुमडलेली जिभेसारखी पट्टी आत सरकते, तिचा ताण गेला की ती हलक्या ओढीनेही बाहेर येते.

आता तपासणी. पलंगावर जाड टॉवेल पसरा आणि सगळं त्याच्यावरच करा, कडक फरशीवर किंवा टेबलावर नको. चांगला उजेड आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं, बाकी काही लागत नाही. क्लास्प पूर्ण उघडा आणि आधी भिंगाने खटका बघा. कड धारदार आणि सरळ दिसली तर उत्तम, गुळगुळीत गोल झाली असेल किंवा एकाच बाजूने चकाकत असेल तर क्लास्प वाकडं बसतंय आणि एकच कोपरा सगळा भार घेतोय. मग बंद करून बाजूने उजेडासमोर धरा, झाकण आणि खालची पट्टी यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी आहे का बघा. एकीकडे उघडी दिसली तर झाकण पिळवटलंय.

त्यानंतरची चाचणी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक करत नाहीत. फ्लिपलॉक असेल तर सेफ्टी पट्टी मुद्दाम उघडी ठेवा आणि फक्त मुख्य खटक्यावर क्लास्प बंद करा. आता आतल्या बाजूने अंगठ्याने हळू दाबा, दोन्ही टोकं धरून हलकंसं ओढा, थोडं पिळून बघा. मुख्य खटका एकट्याने धरून राहिला पाहिजे. होतं असं की मुख्य खटका कधीच संपलेला असतो आणि सेफ्टी पट्टी एकटी सगळं सांभाळत असते, बाहेरून क्लास्प अगदी ठणठणीत वाटतं, आणि ज्या दिवशी ती छोटी पट्टी बाहीत किंवा बॅगच्या पट्ट्यात अडकून उघडते त्या दिवशी घड्याळ थेट जमिनीवर. सेफ्टी पट्टीची स्वतःची पकडही वेगळी तपासा, नखाने उचलताना तिने थोडा विरोध केला पाहिजे, नुसत्या स्पर्शाने उघडत असेल तर ती पण ढिली झालीये.

बटणवाल्या क्लास्पला दोन्ही बटणं एकेक करून दाबा आणि सोडा, दोन्ही सारख्याच झपाट्याने बाहेर आली पाहिजेत. बटरफ्लायला एकेक पंख वेगळा बंद करून हलवून बघा.

बिजागऱ्यांसाठी पट्टी धरून डावीउजवीकडे हलवा, वरखाली नाही. थोडा खेळ जुन्या घड्याळात असणारच, तो चालतो. पण पिनेचं डोकं एका बाजूने बाहेर सरकलंय, किंवा पिनेच्या भोवतीच्या पत्र्याला केसासारखी चीर गेलीये असं दिसलं तर घड्याळ मनगटावर घालणं त्याच क्षणी थांबवा. अशी चीर वाढतच जाते.

स्प्रिंग बारबद्दल जरा जास्त बोलतो, कारण ही एवढीशी गोष्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. क्लास्पच्या कडेला ओळीने जी बारीक भोकं असतात, ज्यात बार सरकवून बेल्ट थोडा सैल किंवा घट्ट करता येतो, तिथला बार कायम ओढ खात असतो. त्याची टोकं झिजून बारीक होतात, आतली स्प्रिंग गंजते, आणि एक दिवस तो निसटतो. जुनं घड्याळ विकत घेतलं की मी सगळे स्प्रिंग बार आधी बदलायला सांगेन, केसच्या, म्हणजे घड्याळाच्या मुख्य भागाच्या, बाजूचे दोन आणि क्लास्पमधला, डोळे झाकून. फक्त लांबी आणि जाडी बरोबर हवी, आखूड बार सुटतो आणि बारीक टोकाचा बार मोठ्या भोकात हलत राहून भोक आणखी मोठं करतो. भोकं पण बघा, गोल असलेलं भोक ओढीने लंबगोल होतं. एकच भोक असं झालं असेल तर बार शेजारच्या भोकात लावा, आणि भोक आणि कडा यांच्यात पत्रा अगदीच उरला नसेल तर ते क्लास्प वापरातून काढायची वेळ आली. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे, त्यात बेल्टच्या जोडणीला २०० न्यूटन ताण सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलो लटकवल्यासारखं, यावरून कळेल की चांगल्या स्थितीतल्या जोडणीकडून किती अपेक्षा असते. ही चाचणी घरी करायची मात्र नाही, जुन्या ब्रेसलेटला मुद्दाम ताण देणं म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य खर्च करणं.

खटका ढिला निघाला तर लगेच घाबरायचं कारण नाही. साध्या घडीच्या स्टीलच्या क्लास्पला पट्टी किंवा झाकणाची कड किंचित आत घेतली की पकड परत येते, घड्याळजी हे नायलॉनच्या जबड्याच्या पक्कडीने काही मिनिटांत करून देतो. घरी करणार असाल तर स्टीलची पक्कड वापरू नका, एका वेळी दिसेल न दिसेल एवढंच वाकवा आणि लगेच बंद करून बघा. जास्त वाकवून परत सरळ करत बसलात तर तारेचा तुकडा सारखा वाकवून तुटतो तसं होतं, कारण स्टील प्रत्येक वाकवण्याने कडक आणि ठिसूळ होत जातं. म्हणून हा उपाय एकदा, फार तर दोनदा. तरी पकड टिकत नसेल तर कड झिजलीये, मग वाकवण्याने काही होणार नाही, तिथे लेझर वेल्डिंगने थोडा धातू भरून कड परत घडवावी लागते, आणि त्यात उष्णता अगदी छोट्या जागेत राहते हा मोठा फायदा. सोन्याच्या डबीच्या लॉकला साधं सोल्डरिंग करणाऱ्याला आधी विचारा की जिभेपर्यंत उष्णता जाणार का, कारण तापली की ती जीभ मऊ पडते आणि तिचा ताण जातो. सोन्याच्या क्लास्पवर घरी काहीच करू नका, १८ कॅरेट सोनं स्टीलपेक्षा खूप मऊ असतं आणि चुकीचा दाब कायमचा उमटतो. सुपरग्लू तर कशावरच नको. कड्या स्क्रूच्या असतील तर कमी ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) एक टिपका, बास.

सफाई, आणि ती टिकण्याशी का जोडलेली आहे

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण धरून चालतो. त्याचं संरक्षण म्हणजे पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि तो टिकायला, परत तयार व्हायला ऑक्सिजन लागतो. क्लास्पच्या घडीत घाम, मेलेली त्वचा, साबण आणि क्रीम साचून राहतं, तिथे हवा पोचत नाही आणि घामातलं मीठ त्या थराला भोकं पाडतं, म्हणून गंज नेहमी बिजागरीत आणि बारच्या भोकात सापडतो, बाहेरच्या चकचकीत भागावर नाही. जुन्या घड्याळांत जास्त करून ३१६एल किंवा त्याच्या जवळपासचं स्टील असतं, रोलेक्सने १९८५ ला गंजाला जास्त दाद न देणारं ९०४एल वापरायला सुरुवात केली, पण साचलेला मळ कुठल्याच स्टीलला चांगला नाही. शिवाय हा मळ घासण्याचं काम करतो, त्यात बारीक धूळ मिसळली की पिना आणि कड्या आतून पॉलिश केल्यासारख्या झिजत जातात, ब्रेसलेट लांबतं, पिळतं, आणि ते पिळणं शेवटी क्लास्पच्याच अंगावर येतं.

पद्धत सोपी. शक्य असेल तर ब्रेसलेट केसपासून वेगळं करा, जुन्या घड्याळाच्या पाण्यापासूनच्या संरक्षणावर भरवसा ठेवू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, क्लास्प उघडून घडीच्या आतून, बिजागरीभोवती आणि भोकांमधून ब्रश फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या, घडीत पाणी राहिलं तर सगळं फुकट. ब्लीच किंवा क्लोरीनचं काही नको. अल्ट्रासॉनिक मशीन फक्त सुट्या ब्रेसलेटसाठी, घड्याळासकट कधीच नाही, आणि सोन्याचा मुलामा असेल किंवा चीर दिसत असेल तर तेही नको. बिजागरीला सुईच्या टोकावर येईल एवढं हलकं तेल चालतं, पण जास्तीचं पुसून टाका, नाहीतर तेच धूळ धरतं.

पॉलिश मात्र टाळा. पातळ क्लास्पवरून प्रत्येक पॉलिशला धातू जातो, कडा पातळ होतात, आतले शिक्के पुसट होतात, आणि ओरखडा काही क्लास्पला मारत नाही.

घालण्याची सवय पण क्लास्पचं आयुष्य ठरवते. ब्रेसलेट फार सैल असेल तर घड्याळ हातावर सरकत राहतं आणि प्रत्येक हिसका क्लास्प खातं, फार घट्ट असेल तर खटक्यावर सतत ताण. करंगळी जेमतेम आत जाईल एवढं ठेवा. कड्या काढताना दोन्ही बाजूंचा अंदाज घ्या म्हणजे क्लास्प मनगटाच्या खाली मधोमध येईल, बाजूला सरकलं की टेबलावर हात टेकवल्यावर एकच कोपरा दाबला जातो. बंद करताना पट्ट्या आधी नीट एकावर एक बसू द्या, मग झाकण मधोमध अंगठ्याने दाबा, कोपऱ्यावरून चेपत बंद करायची सवय असेल तर झाकण हळूहळू पिळवटतंच. उघडताना झाकणाची ठरलेली कडच उचला, ब्रेसलेट दोन्हीकडून ओढून उघडू नका.

बदलायचं का ठेवायचं

चीर, कडेपाशी पत्रा न उरलेली लंबगोल भोकं, दोनदा वाकवूनही न टिकणारा खटका, यातलं एक जरी असलं तरी मी ते क्लास्प रोज घालायला वापरणार नाही. कंपनीचं सर्व्हिसमधलं बदली क्लास्प मिळत असेल तर ते लावा आणि मूळ क्लास्प फेकू नका, सर्व्हिस सेंटरला पण आधीच लिहून द्या की जुना भाग परत हवा. जुन्या भागाची किंमत संग्राहकांना असते, कारण त्याच्यावर तारीख असते. रोलेक्सच्या क्लास्पच्या आतल्या पट्टीवर १९७६ पासून अक्षरांचे कोड आहेत, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७ असे पुढे, शेजारचा आकडा महिन्याचा, आणि त्याआधी तिमाही आणि वर्षाचा शिक्का असायचा, म्हणजे २ आणि ६८ दिसलं तर १९६८ ची दुसरी तिमाही. कोडबरोबर एस असेल तर ते सहसा सर्व्हिसमध्ये बदललेलं क्लास्प. असं बदललेलं क्लास्प असणं वाईट नाही, उलट घालायला तेच जास्त भरवशाचं, फक्त विकणाऱ्याने ते सांगितलं पाहिजे. ओमेगाच्या ११७१ सारख्या ब्रेसलेटचा नंबरही क्लास्पच्या आत असतो, बदली भाग शोधताना तोच लागतो. काही ब्रेसलेट घड्याळ कंपनीने बनवलेलीच नसतात, १९७२ च्या ऑडेमार्स पिगेच्या रॉयल ओक घड्याळाचं ब्रेसलेट गे फ्रेर या कारखान्याचं, ती कंपनी रोलेक्सने १९९८ ला विकत घेतली, त्यामुळे अशा जुन्या ब्रेसलेटचे हुबेहूब भाग मिळणं अवघड आणि दुरुस्तीचा विचार आधी करावा.

लांबून विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडून चार गोष्टी मागा: पूर्ण उघडलेल्या क्लास्पचा आतून फोटो, बंद क्लास्पचा बाजूने फोटो, घड्याळ आडवं धरून ब्रेसलेट किती लोंबतंय त्याचा फोटो, आणि सेफ्टी पट्टी उघडी ठेवून मुख्य खटका बंद करतानाचा छोटा व्हिडिओ. शेवटचा द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर बदली क्लास्पचा खर्च किमतीतून वजा धरूनच बोलणी करा.