नोकरी आणि रजिस्ट्रेशन दोन्ही गोत्यात आणणाऱ्या नर्सिंगमधल्या या चुका टाळा

मुद्दाम पेशंटचं वाईट करणारी सिस्टर मी आजवर बघितली नाही, पण चौकशीला बसलेल्या बघितल्यात, आणि घोळ सुरू कुठून झाला म्हणाल तर घाईतून, नाहीतर "अगं टाक गं सही, सगळेच टाकतात" यातून.

सगळ्यात कॉमन म्हणजे आधीच चार्टिंग, म्हणजे पेशंटच्या कागदावरची नोंद, करून ठेवणं. १० चा डोस, साडेनऊलाच टिक मारली, नंतरची धावपळ नको म्हणून. मग नेमकी पेशंटला उलटी सुरू झाली, डोस दिलाच नाही आणि कागदावर मात्र दिलाय, पुढच्या शिफ्टची मुलगी त्या टिकवर विसंबून पुढचं बघणार. तुमचं मन कितीही स्वच्छ असलं तरी ही खोटी नोंदच. आधी द्या, मग लिहा. लिहायचं राहून गेलं तर दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात घुसवू नका, आत्ताची वेळ टाकून "लेट एंट्री" लिहा आणि प्रत्यक्ष किती वाजता काय केलं ते लिहा. चुकीचं लिहिलं गेलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही, तारीख, वेळ. व्हाइटनर लावलात की समोरच्या वकिलाचं अर्धं काम तुम्हीच केलं.

इन्सुलिन लिहिताना युनिटसाठी नुसता इंग्रजी 'यू' नको, घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. पूर्ण शब्द लिहा, दोन सेकंद जातात.

औषध काढताना लेबल न वाचणं, ही तर जिवावरची चूक. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका नर्सने औषधांच्या मशीनमध्ये मिडाझोलामच्या 'व्हर्सेड' या ब्रँड नावाची पहिली दोन अक्षरं (व्ही, ई) टाकली, ओव्हरराइड केलं, म्हणजे मशीनची अडवणूक बाजूला सारली, आणि झोपेच्या मिडाझोलामऐवजी स्नायू लुळे पाडणारं व्हेक्युरोनियम हातात आलं. मिडाझोलाम पातळ येतं, ही पावडर होती, पाणी घालून विरघळवायला लागली, टोपणावर धोक्याची सूचनाही होती, तरी पेशंटला दिलं गेलं आणि पेशंट गेला. तिने चूक लगेच कबूल केली, पण लायसन्स गेलंच आणि २०२२ मध्ये कोर्टाने गुन्हेगार ठरवून ३ वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेख) दिलं. हातातलं औषध नेहमीसारखं दिसत नाही ना, मग थांबा, कुणीही ओरडू दे.

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं" हा बचाव टिकत नाही. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसची आचारसंहिता १९५३ पासून आहे आणि तिच्यात सरळ म्हटलंय की आपल्या कामाची जबाबदारी नर्सची स्वतःची. फोनवरची ऑर्डर लिहून घ्या, परत वाचून दाखवा, डोस खटकला तर विचारा, तरीही पटलं नाही तर देऊ नका, इन्चार्जला कळवा आणि कुणाला किती वाजता कळवलं ते लिहा.

कन्सेंटवर, म्हणजे पेशंटच्या संमतीच्या फॉर्मवर, साक्षीदार म्हणून सही करणं आणि कन्सेंट घेणं यात लोक गल्लत करतात. धोके, पर्याय समजावणं हे प्रोसिजर करणाऱ्या डॉक्टरचं काम. फॉर्म पुढे केल्यावर पेशंट "सिस्टर, नक्की काय करणारेत हो?" असं विचारत असेल तर पेन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा, तुम्ही अंदाजाने सांगत बसू नका. आणि शुद्धीवरच्या, समजूतदार पेशंटने नाही म्हटलं तर नाही, हात धरून इंजेक्शन टोचणं हा कायद्याने हल्ला ठरू शकतो.

चूक झालीच तर? लपवू नका, आधी पेशंटला बघा, व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास) घ्या, डॉक्टरांना सांगा, मग इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे झालेल्या चुकीचा हॉस्पिटलला लेखी अहवाल. केस पेपरमध्ये फक्त घडलं ते लिहा: काय दिलं, किती वाजता, पेशंट कसा होता, कुणाला कळवलं. "स्टाफ कमी होता", "आधीच्या शिफ्टने नीट सांगितलं नाही" हे तिथे लिहायचं नसतं, ते इन्चार्जशी बोला.

बाकी वॉर्डातला सेल्फी व्हॉट्सॲप स्टेटसला टाकणाऱ्यांनी एकदा फोटो झूम करून मागे बघा, कुणाच्या बेडवरची नावाची पाटी दिसतेय ते.